मातीची जबानी
अरण्यातील जमीन हवेतून किती मिथेन घेते, हे मोजण्याचा इतिहास

एखादी वस्तू कोणी आणून ठेवली हे सांगणारा साक्षीदार बहुधा मिळतो. ती हळूहळू कशी कमी होत गेली हे सांगणारा सहसा मिळत नाही. दिवाणी दाव्यांतून आम्हां वकिलांना याचा अनुभव नित्य येतो. देवस्थानाच्या कोठारात शंभर पोती भात आले, तर त्याची पावती असते, हमालाची सही असते, गाडीवानाची साक्ष असते. त्याच कोठारातून रोज मूठभर भात कमी होत गेला, तर त्याची पावती कोण लिहिणार? वर्षाच्या शेवटी शिल्लक जुळत नाही एवढेच काय ते कळते, आणि मग जो तो दुसऱ्याकडे पाहू लागतो.

पृथ्वीच्या वातावरणात मिथेन नावाचा जो वायू आहे, त्याच्या हिशेबाची गोष्ट थेट अशीच आहे. जमिनीतून बाहेर पडणारा मिथेन माणसाने १७७६ साली बाटलीत धरला. जमिनीत शिरणारा मिथेन प्रत्यक्ष जागेवर मोजून कागदावर आला, तो १९८२ साली. मधली दोनशे सहा वर्षे जमेच्या बाजूचीच नोंद होत राहिली. खर्चाची बाजू शोधून काढण्याची आणि ती मोजण्याची जी खटपट नंतरच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत झाली, तिचाच इतिहास येथे सांगावयाचा आहे. विषय शास्त्राचा आहे खरा. परंतु त्यातील मुख्य प्रश्न पुराव्याचा आहे, आणि त्यामुळेच प्रस्तुत लेखकासारख्या कायद्याच्या विद्यार्थ्याला त्याची गोडी लागली.

आरंभ अर्थातच व्होल्टापासून करावा लागतो. विद्युतघटाच्या शोधामुळे ज्याचे नाव पुढे अजरामर झाले, तोच हा आलेस्सांद्रो व्होल्टा. १७७६ च्या नोव्हेंबरात इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठी, आंजेरा गावाजवळच्या पाणथळीत त्याने काठीने गाळ ढवळला. वर येणारे बुडबुडे पाण्याने भरून उपड्या धरलेल्या बाटलीत गोळा केले. आणि तो वायू ज्योतीने पेटतो हे दाखवून दिले. भाताच्या शेतातील चिखलात पाय घातल्यावर जे बुडबुडे पोटरीला गुदगुल्या करीत वर येतात, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्यांतही मुख्यत्वे हाच वायू असतो. हवा न पोहोचणाऱ्या गाळात कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून सूक्ष्मजीव तो तयार करतात. डोळ्यांना दिसणारी, कानांना ऐकू येणारी आणि काडी लावली तर पेटणारी ही गोष्ट असल्यामुळे तिला साक्षीदार मिळावयास अडचण पडली नाही.

हा वायू आपल्या डोक्यावरच्या हवेत सर्वत्र पसरलेला आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळ उशिरा, म्हणजे १९४८ साली कळली. मार्सेल मिझोत या बेल्जियन शास्त्रज्ञाने अमेरिकेतील ओहायो राज्यात सूर्यप्रकाशाच्या अवरक्त वर्णपटाचा अभ्यास करताना त्यात काही काळ्या रेघा पाहिल्या. सूर्याकडून येणारा प्रकाश वाटेत कोणीतरी अडवीत होते, आणि अडविणारा तो मिथेन होता. ज्या गुणामुळे तो सापडला, त्याच गुणामुळे तो आज चिंतेचा विषय झाला आहे. पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता हा वायू अडवून ठेवतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर वजनास वजन घेता कार्बन डाय-ऑक्साइडच्या जवळजवळ तीसपट. यंत्रयुगापूर्वी हवेच्या एक अब्ज भागांत त्याचे सातशेच्या आसपास भाग होते. आज ते एकोणीसशेच्या वर गेले आहेत.

आता खर्चाच्या बाजूकडे वळू. मिथेन खाऊन जगणारे जीवाणू मातीत आहेत, हे विसाव्या शतकाच्या प्रारंभीच ठाऊक झाले होते. १९०५ मध्ये व्हिएन्नाच्या काझेररने आणि १९०६ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट येथे बायरिंकच्या हाताखाली काम करणाऱ्या स्योन्गेनने तसे दाखविले. स्योन्गेनचा तर्क मोठा मार्मिक होता. दलदलींतून एवढा मिथेन सतत वर येतो, तर तो साठत का नाही? तो कोठेतरी खर्ची पडत असलाच पाहिजे. या तर्काला धरून त्याने खाणारा जीवाणू शोधला आणि तो सापडलाही. परंतु काचेच्या भांड्यात भरपूर मिथेन कोंडून त्यावर वाढविलेला जीवाणू ही एक गोष्ट, आणि उघड्या रानात, जेथे दहा लाख भागांत मिथेनाचे जेमतेम दोन भाग आहेत, तेथे जमीन तो वायू हवेतून ओढून घेते असे सिद्ध करणे ही अगदी निराळी गोष्ट. अन्नछत्रात पोटभर जेवणारा मनुष्य उपाशी गावात कण वेचून जगू शकेल, असे अनुमान कोणी काढीत नाही.

ही दुसरी गोष्ट सिद्ध करावयाची तर दोन साधने हवी होती. पहिले साधन अगदी साधे, म्हणजे जमिनीवर पालथे घालावयाचे झाकण. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्रिक लुंडेगोर्ड याने १९२० च्या दशकात शेताच्या जमिनीवर घंटेसारखे भांडे पालथे घालून मातीतून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड मोजला होता. परंतु तो वायू मातीतून विपुल प्रमाणात निघतो. मिथेनाचे माप त्याच्या मानाने अतिसूक्ष्म. त्यासाठी दुसरे साधन लागले, ते १९५० च्या दशकात आले. १९५२ मध्ये इंग्लंडात जेम्स आणि मार्टिन यांनी वायूंच्या मिश्रणातील घटक एका लांब नळीतून सोडून एकामागून एक वेगळे करण्याची रीत प्रसिद्ध केली. आणि १९५७-५८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात व दक्षिण आफ्रिकेत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हायड्रोजनच्या ज्योतीचा शोधक तयार झाला. नळीतून बाहेर पडणारा वायू त्या बारीक ज्योतीत जळतो. त्यात कर्ब असेल तर विद्युत्भारित कण निर्माण होतात आणि तेवढाच क्षीण प्रवाह तारेतून वाहतो. व्होल्टाने काडी लावून जे विचारले, तेच या यंत्राने विचारले. फक्त उत्तर ऐकण्याचा कान लक्षपट तीक्ष्ण झाला.

आणि मग १९८२ साल उजाडले. अमेरिकेच्या व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांच्या सीमेवर एक अफाट पाणथळ जंगल आहे. त्याचे नावच मुळी ‘ग्रेट डिस्मल स्वॉम्प’, म्हणजे मोठी उदास दलदल. आपल्या बेळगावकडील वाचकांना हे वाचून कदाचित हसू येईल, की या दलदलीचा इतिहासही सीमेच्या आखणीपासूनच सुरू होतो: १७२८ मध्ये विल्यम बर्ड आणि त्याचे सहकारी दोन वसाहतींमधली हद्द ठरविण्यासाठी येथे आले होते. पुढे जॉर्ज वॉशिंग्टननेही ही जमीन कोरडी करून विकण्याच्या व्यवहारात भाग घेतला. ते असो. रॉबर्ट हॅरिस, डॅनियल सेबॅकर आणि फ्रँक डे या तिघांनी या दलदलीतून किती मिथेन निघतो हे सतरा महिने मोजले. जमीन पाण्याने तुडुंब असताना अपेक्षेप्रमाणे मिथेन बाहेर पडत होता. परंतु मध्यंतरी अवर्षण पडले, पाण्याची पातळी खाली गेली, माती मोकळी झाली, आणि आकडा शून्यावर थांबला नाही. तो शून्याच्या पलीकडे गेला. पेटीतील मिथेन वाढण्याऐवजी घटू लागला. जी दलदल जगात मिथेन देणारी म्हणून ओळखली जात होती, तीच आता हवेतून तो घेत होती.

या निष्कर्षाचे महत्त्व असे की, देणारा आणि घेणारा हे दोन पक्ष वेगळे असावेत ही कल्पनाच त्याने मोडून काढली. एकाच मातीत खाली मिथेन तयार करणारे आणि वर तो खाणारे जीवाणू नांदतात. पाणी किती आहे यावर वरचष्मा कोणाचा हे ठरते. ओल्या मातीत वायू शिरू शकत नाही, कारण पाण्यातून त्याचा प्रसार हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट मंद होतो. कोरड्या, भुसभुशीत, पालापाचोळ्याने झाकलेल्या मातीच्या कणाकणांमधल्या पोकळ्या हवेने भरलेल्या असतात, आणि त्या वाटेने मिथेन जीवाणूंच्या तोंडापर्यंत पोहोचतो. अरण्यातील जमीन या कामात सर्वांत पुढे का, याचे उत्तर त्या पोकळ्यांत आहे.

ही मोजणी प्रत्यक्षात कशी होते ते थोडे विस्ताराने पाहू, कारण पुढचे सगळे वाद त्याच ठिकाणी उगम पावतात. प्रथम धातूचे किंवा प्लास्टिकचे एक कडे जमिनीत चार-पाच सेंटिमीटर रोवतात आणि माती स्थिरावावी म्हणून काही काळ तसेच राहू देतात. मोजणीच्या दिवशी त्यावर हवाबंद झाकण बसवितात. झाकणाला रबरी बूच असते. त्यातून पिचकारीने ठरावीक अंतराने, समजा दर दहा मिनिटांनी, थोडी हवा काढून छोट्या कुप्यांत भरतात. मग त्या कुप्या प्रयोगशाळेत जातात. पेटीची उंची वीस सेंटिमीटर धरली, तर एक चौरस मीटर जमिनीवर तिच्यात दोनशे लिटर हवा मावते, आणि त्या सगळ्या हवेत मिथेन असतो तो केवळ पाव मिलिग्रॅम. चांगली अरण्यभूमी दिवसाला एका चौरस मीटरमागे दीड मिलिग्रॅम मिथेन घेत असेल, तर अर्ध्या तासात पेटीतील मिथेन सुमारे एक अष्टमांशाने घटेल. या एक अष्टमांशावर सगळा निकाल. दीड मिलिग्रॅम म्हणजे मोहरीच्या एका दाण्याएवढेही वजन नव्हे. परंतु हेक्टरामागे वर्षाला साडेपाच किलो होतात, आणि सगळ्या पृथ्वीवरील जमिनींची बेरीज केली तर ती वर्षाला सुमारे तीन कोटी टनांवर जाते.

तीन कोटी टन हा आकडा लक्षात ठेवावा. जगातून दरवर्षी सुमारे साठ कोटी टन मिथेन हवेत जातो. त्यातला बहुतेक सगळा हवेतच रासायनिक क्रियेने नष्ट होतो. जमिनीकडे येणारा वाटा शेकडा पाच. एवढ्या क्षुल्लक वाट्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पण २०१० ते २०१९ या दशकात हवेत दरवर्षी जो मिथेन शिलकीत पडत गेला, तो सरासरीने दोन कोटी टनांच्या आसपास होता. म्हणजे जमिनीचा हा क्षुल्लक वाटा त्या वार्षिक वाढीपेक्षा मोठा आहे. तो बंद पडला तर वाढ दुपटीहून अधिक होईल. हिशेबात जी रक्कम शेकडा पाच दिसते, तीच कधी कधी नफ्या-तोट्याचा निर्णय करते. हे सांगावयास अर्थशास्त्री नको, गावचा वाणी पुरे.

पेटीकडे परत येऊ. हा साक्षीदार दिसावयास भोळा आहे, परंतु त्याची उलटतपासणी सोपी नाही. झाकण लावल्याबरोबर आतील मिथेन घटू लागतो. तो घटला की जमिनीला मिळणारा पुरवठा कमी होतो आणि घेण्याचा वेगही मंदावतो. म्हणजे मोजण्याच्या क्रियेनेच मोजावयाची गोष्ट बदलते. कडे रोवताना बारीक मुळे तुटतात. झाकण दाबून बसविले तर आतील दाब क्षणभर वाढून मातीतली हवा हलते. मोजणारा मनुष्य जवळ उभा राहिला तर त्याच्या वजनाने माती दबते. म्हणून काही ठिकाणी फळ्यांचे मार्ग बांधावे लागले. शिवाय दोन हात अंतरावरच्या दोन पेट्याही एकच उत्तर देत नाहीत, कारण एकीच्या खाली दगड असतो, दुसरीच्या खाली कुजलेले खोड. या सगळ्या आक्षेपांना उत्तरे देण्यात शास्त्रज्ञांची पुष्कळ वर्षे गेली. स्वतःच्याच साक्षीदाराची इतकी कसून तपासणी करणारा पक्षकार न्यायालयात सहसा पाहावयास मिळत नाही.

१९८३ मध्ये मायकेल केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समशीतोष्ण व उष्ण कटिबंधांतील अरण्यभूमी मिथेन घेतात असे मोजून दाखविले. १९८४ मध्ये जर्मनीतील माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेच्या झायलर, कोनराड आणि शार्फे यांनी दक्षिण आफ्रिकेच्या माळरानात, वाळवीच्या वारुळांतून मिथेन निघतो आणि सभोवतालची माती तो घेते, अशी दोन्ही बाजूंची नोंद केली. दलदलीतला अपवाद हा आता नियम ठरला.

कृत्य सिद्ध झाले, पण कर्ता कोण? येथे एक विलक्षण प्रकार घडला. स्योन्गेनच्या वंशातले जीवाणू दोन दशलक्षांश इतक्या विरळ मिथेनावर जगू शकत नव्हते. १९९२ मध्ये बेंडर आणि कोनराड यांनी दाखविले की कोरड्या जमिनीतील जीवाणूंची मिथेनाला धरण्याची शक्ती त्यांच्याहून कितीतरी अधिक आहे. म्हणजे हे कोणीतरी निराळेच आहेत. मातीतून त्यांच्या आनुवंशिक द्रव्याचे अवशेष सापडले, पण ते प्रयोगशाळेत काही केल्या वाढेनात. अखेर २०१९ मध्ये नॉर्वेतील ट्रोम्सो येथील संशोधकांनी केवळ हवेवर, म्हणजे हवेतील मिथेनावर, वाढणारा एक जीवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले. तो मिळाला कोठे? कोण्या प्राचीन अरण्यात नव्हे, तर कचरा टाकण्याच्या एका बंद पडलेल्या जागेवरील मातीत. फौजदारी खटल्यांतही फरारी आरोपी बहुधा अशाच अनपेक्षित ठिकाणी सापडतो.

कर्ता अज्ञात असतानाही त्याच्या सवयींविषयी बरेच कळले होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात पीटरशॅम येथे हार्वर्ड विद्यापीठाचे संशोधन-अरण्य आहे. तेथे स्टूडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगलातील काही तुकड्यांना नत्रखत घातले आणि १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: खत घातलेल्या जमिनीचे मिथेनग्रहण शेकडा तेहेतीस इतके घटले. जीवाणूंचे जे विकर मिथेनाला धरते, तेच अमोनियालाही धरते. अमोनियाची गर्दी झाली की मिथेनाला दार बंद. कारखाने, वाहने आणि खते यांच्यामुळे पावसाबरोबर नत्र सगळीकडेच पडू लागले आहे, त्यामुळे या प्रयोगाने अनेकांची झोप उडविली.

याच प्रश्नावर इंग्लंडातील रॉथम्स्टेडच्या शेतांनी दिलेली साक्ष मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्या मागे दीडशे वर्षांचे दप्तर होते. तेथील ब्रॉडबाल्क या गव्हाच्या शेतावर १८४३ पासून एकाच तुकड्याला एकच खत, असा प्रयोग अखंड चालू आहे. १९९३ मध्ये ह्युट्श, वेबस्टर आणि पॉलसन यांनी तेथील माती तपासली, तेव्हा वर्षानुवर्षे रासायनिक नत्र मिळालेल्या तुकड्यांची मिथेन घेण्याची शक्ती खालावलेली आढळली. शेणखताच्या तुकड्याची मात्र तशी खालावली नव्हती. त्याच शेताचा एक कोपरा १८८२ मध्ये पीक न कापता तसाच सोडून दिला होता. तेथे आता रान माजले आहे, आणि त्या रानाची माती शेजारच्या नांगरटीच्या मातीहून कितीतरी अधिक मिथेन घेते. कोकण-गोव्यातील देवराईत अनवाणी फिरलेल्या वाचकाला तेथील पानाखालची मऊ, दबून परत वर येणारी माती आठवेल. मनुष्याने ज्या भूमीला पिढ्यान्‌पिढ्या नांगर लावला नाही, तिची घडण निराळी असते. परंतु केवळ झाडे आहेत म्हणून काम भागते असेही नाही. रॉथम्स्टेडमध्येच गीसक्रॉफ्ट नावाचे दुसरे सोडून दिलेले रान आहे. त्याची माती कालांतराने फार आम्ल झाली, आणि तिने मिथेन घेण्याचे नाकारले.

आपल्या देशाचा या इतिहासाशी संबंध एका कटु प्रसंगाने आला. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने भारतातील भातशेतीवर वर्षाला सुमारे तीन कोटी ऐंशी लाख टन मिथेनाचा बोजा टाकला. तो आकडा भारतात मोजलेला नव्हता. युरोप-अमेरिकेतील भातखाचरांत केलेल्या थोड्याशा मोजमापांना आपल्या क्षेत्रफळाने गुणून तो काढला होता. आमच्या भाषेत सांगावयाचे तर ही ऐकीव साक्ष झाली, आणि तीही दुसऱ्याच गावच्या साक्षीदाराची. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये देशभर मोहीम निघाली. निरनिराळ्या राज्यांतील भातखाचरांत प्रत्यक्ष पेट्या ठेवल्या गेल्या. उत्तर आले सुमारे चाळीस लाख टन. आरोपाच्या जवळजवळ एक नवमांश! ही पेटी आणि अरण्यात ठेवावयाची पेटी तत्त्वतः एकच. ज्या पेटीने आपल्यावरील देणे कमी केले, तिच्याच साहाय्याने आपल्या मातीचे घेणेही मोजता येते, आणि ते काम काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या शास्त्रज्ञांनी त्याच दशकात विंध्य प्रदेशातील कोरड्या अरण्यांत केले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन वर्षांच्या मोजणीत, पावसाळ्यापेक्षा कोरड्या ऋतूंत मिथेनग्रहण अधिक असल्याचे सगळ्या ठिकाणी दिसून आले. मोसमी पावसाच्या देशातला हा निष्कर्ष मनात ठेवावा. तो लवकरच उपयोगी पडणार आहे.

येथवर प्रश्न होता, जमीन मिथेन घेते काय आणि किती घेते. २०१८ मध्ये त्याहून गंभीर प्रश्न उभा राहिला: ती पूर्वीइतका घेते काय? शियांगयिन नी आणि पीटर ग्रॉफमन यांनी अमेरिकेतील दोन ठिकाणांच्या प्रदीर्घ नोंदी उघडल्या. एक, मेरिलँडमधील बाल्टिमोर शहर व त्याच्या आसपासची रानें. दुसरे, न्यू हॅम्पशायरमधील हबर्ड ब्रूकचे अरण्य, जे आम्लवर्षेच्या अभ्यासामुळे प्रसिद्ध आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याच त्या जागी पेट्या लावल्या जात होत्या. बाल्टिमोरच्या शहरी रानात मिथेनग्रहण शेकडा ६२ ने आणि ग्रामीण रानात शेकडा ५३ ने घटले होते; हबर्ड ब्रूक येथे कॅल्शियम घातलेल्या भागात शेकडा ७४ ने आणि न घातलेल्या भागात शेकडा ८९ ने. चमत्कारिक गोष्ट ही की, याच काळात तेथे पावसातून पडणारे नत्र कमी झाले होते आणि हवेतील मिथेन वाढला होता. या दोहोंमुळे ग्रहण वाढावयास हवे होते. मग अपराधी कोण? लेखकांनी बोट दाखविले ते वाढलेल्या पावसाकडे. माती अधिक काळ ओली राहू लागली आणि पोकळ्यांची दारे बंद झाली. एवढ्यावर न थांबता त्यांनी जगभरच्या प्रसिद्ध मोजमापांची बेरीज मांडून असेही सांगितले की, १९८८ ते २०१५ या काळात अरण्यभूमीचे मिथेनग्रहण सरासरीने शेकडा ७७ इतके घटले असावे.

तसे असेल तर तीन कोटी टनांचा आकडा जुन्या पावत्यांवर उभा आहे, आणि हिशेबाची सगळी वही पुन्हा लिहावी लागेल.

विरुद्ध बाजूची साक्ष २०२५ मध्ये नैर्ऋत्य जर्मनीतून आली. तेथे पेटीऐवजी दुसरी रीत वापरली होती, तिचा उगम थोडा सांगितला पाहिजे. १९९० मध्ये हायडेलबर्गच्या बॉर्न, ड्योर आणि लेविन यांनी मातीतल्या निरनिराळ्या खोलीवरची हवा काढून तिच्यातील मिथेनावरून जमिनीचे ग्रहण काढले होते. वर हवेइतका मिथेन, खाली जावे तसतसा कमी; हा उतार जितका तीव्र आणि माती जितकी मोकळी, तितका मिथेन आत वाहतो. १८५५ मध्ये अडोल्फ फिक याने घालून दिलेला प्रसरणाचा नियम येथे लागू पडतो. या रीतीत झाकण नाही, म्हणून झाकणाचे दोष नाहीत. मात्र माती वायूला किती सहज वाट देते हे वेगळे ठरवावे लागते. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याच्या वनसंशोधन संस्थेने तेरा अरण्यखंडांत अशा बारीक नळ्या पुरून ठेवल्या होत्या, आणि दर पंधरवड्याला तेथील हवा नेऊन तपासली जात असे. काही ठिकाणी तर चोवीस वर्षे. ग्योटिंगेन विद्यापीठाच्या सहकार्याने या नोंदींचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मिथेनग्रहण घटले तर नाहीच, उलट वर्षाला सरासरी शेकडा तीन या दराने वाढले. त्या प्रदेशात पाऊस कमी झाला होता, उष्मा वाढला होता, आणि माती अधिक कोरडी पडली होती.

एका साक्षीदाराने सांगितले घट, दुसऱ्याने सांगितली वाढ. वर्तमानपत्री वाचक अशा वेळी शास्त्रज्ञांत एकमत नाही म्हणून पान उलटतो. न्यायाधीश तसे करीत नाही. तो दोन्ही जबान्या शेजारी ठेवून, दोन्ही खऱ्या असू शकतील काय असे प्रथम पाहतो. येथे त्या दोन्ही खऱ्या असू शकतात. जेथे पाऊस वाढला तेथे ग्रहण घटले. जेथे पाऊस घटला तेथे ते वाढले. विंध्यातल्या अरण्याने हीच गोष्ट एका वर्षाच्या ऋतूंत दाखविली होती, आणि उदास दलदलीने एका अवर्षणात. माझ्या मते कच्चा दुवा आहे तो शेकडा ७७ या जागतिक आकड्यात. हबर्ड ब्रूकचा आकडा त्याच जागी, त्याच रीतीने, पुन्हा पुन्हा विचारून मिळालेला आहे. जागतिक आकडा मात्र निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या अरण्यांत, निरनिराळ्या वर्षी केलेल्या मोजणीची जुळवणी आहे. १९९० साली एका गावच्या साक्षीदाराने काही सांगितले आणि २०१२ साली दुसऱ्या गावच्या साक्षीदाराने निराळे सांगितले, म्हणून मधल्या काळात परिस्थिती पालटली असे म्हणता येत नाही. तरी जर्मन नोंदीही एकाच राज्यातल्या आहेत हे विसरून चालणार नाही. सगळ्या जगाच्या अरण्यांसाठी हबर्ड ब्रूक वा बाडेन-व्युर्टेंबर्ग यांपैकी कोणालाच मुखत्यारपत्र मिळालेले नाही.

या दोन्ही दप्तरांच्या मागे असलेल्या माणसांविषयी एक शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. वीस-चोवीस वर्षे, हिवाळ्यात बर्फ असो वा नसो, त्याच कड्याला तेच झाकण लावणे किंवा त्याच नळीतून हवा ओढणे, हे काम कोणाला कीर्ती देणारे नव्हे. पहिल्या दहा वर्षांत तर त्यातून सांगण्यासारखे काही निघतही नाही. अशा कामाला पैसे देणारी संस्था दर तीन वर्षांनी नवे काय सापडले असे विचारते, आणि मोजणी बंद पाडण्यास तेवढे पुरते. आपल्या देवस्थानांच्या जुन्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारकुनांनी तेलाचा आणि तांदळाचा जो रोजचा खर्च लिहून ठेवला, त्याचे मोल इतिहाससंशोधकाला कळले ते शंभर वर्षांनी.

हिशेब अजून मिटलेला नाही, आणि २०२४ मध्ये त्यात एक नवा पक्षकार दाखल झाला आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे व्हिन्सेंट गाउची आणि त्यांचे सहकारी यांनी जमिनीवरची पेटी उचलून झाडाच्या खोडाला लावली. ॲमेझॉन आणि पनामाच्या अरण्यांत, इंग्लंडातील विथमच्या रानात आणि स्वीडनमध्ये त्यांनी खोडाच्या निरनिराळ्या उंचीवर मोजणी केली. खोड जमिनीजवळ मिथेन सोडताना आढळते, हे आधीच ठाऊक होते. पण जसजसे वर जावे तसतशी खोडाची सालही तो हवेतून घेऊ लागते असे त्यांना दिसले. सगळ्या जगाच्या झाडांचा त्यांनी काढलेला अंदाज वर्षाला अडीच ते पाच कोटी टनांचा आहे. म्हणजे कदाचित जमिनीइतका, कदाचित त्याहून अधिक. दोनशे सहा वर्षे जमिनीचा जबाब कोणी घेतला नव्हता. त्या जमिनीवर उभ्या असलेल्या झाडांचा जबाब आता कोठे नोंदविला जाऊ लागला आहे, आणि त्यांची उलटतपासणी व्हावयाची आहे.